चुकलेला डबा

रितेश बत्रा यांचा ‘द लंचबॉक्स’ (२०१३) हा चित्रपट परवा आम्ही उभयतांनी बुलढाण्यात घरीच पाहिला. चुकीच्या पत्त्यावर गेलेला डबा, त्यातून जाणाऱ्या चिठ्ठ्या, आणि एकमेकांना कधी न भेटलेले इला व साजन फर्नांडिस. साजन आपल्यातलाच, विधुर; इला मात्र विवाहिता, आणि ही गोष्ट आमच्या मनाला टोचत राहिली.

लग्नानंतर चार वर्षे आम्हीही पत्रांवरच संसार केला. एक मुंबईत नोकरीला, एक येथे. बुलढाण्याला रेल्वे नाही. भेट व्हायची ती मलकापूरच्या फलाटावर, पुढे एस.टी. पत्रांत आम्ही दोघेही फार गुणी होतो. एकत्र राहू लागलो तेव्हा पत्रातले माणूस घरात सापडेना. महिनाभर अबोला होता.

तोबीतच्या पुस्तकात राफाएल देवदूत तोबियाला सांगतो की, सारा अनादिकाळापासून तुझ्यासाठीच नेमलेली आहे. तरीही पहिल्या रात्री ती दोघे उठून प्रार्थना करतात, कारण तिचे आधीचे सात पती लग्नाच्या रात्रीच मरण पावले होते. नेमलेल्या जोडीलाही भय होतेच!

जुनी पत्रे अजून ट्रंकेत आहेत. चित्रपट संपल्यावर एकच काढून वाचले. गाडी मलकापूरला किती वाजता पोहोचेल, एवढेच त्यात लिहिले होते.