दादांची बावीस

दिवाळीच्या साफसफाईत जुन्या वस्तूंची जी कत्तल चालते, तीतून आमच्या घरी एक वस्तू दरवर्षी सुटते. ती म्हणजे आमच्या वडिलांची, दादांची, पॉइंट टू-टू बोअरची रायफल. घरात तिला नुसते 'बावीस' म्हणतात. "बावीस पुसायला काढलीस का रे?" असे आई विचारते, तेव्हा नवखा पाहुणा उगाच बोटे मोजू लागतो.

बंदूक म्हटली की वाचकांच्या डोळ्यांपुढे वाघ तरी उभा राहतो, नाहीतर दरोडेखोर. आमच्या बावीसने कागदाखेरीज कशाचाही जीव घेतलेला नाही. नळीचे भोक साडेपाच मिलिमीटरच्या किंचित वर, गोळी शिशाची, अडीच ग्रॅमच्या आसपास. बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कारखान्याची ही मार्टिनी. मुठीखालचा दांडा ओढला की आतला ठोकळा पुढून खाली झुकतो. अंगठ्याने एक काडतूस आत सारायचे, दांडा वर, की झाली तयारी. एका वेळी एकच. नेम चुकला तर सारे पहिल्यापासून. विलायतेच्या फौजेने 1871 साली मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली, तिच्याच यंत्राची ही धाकटी, घरगुती बहीण. 1899 ते 1902 च्या बोअर युद्धात आपल्या माणसांचा नेम कच्चा असल्याचे इंग्रजांना उमगले, आणि मग त्यांच्या गावागावांतून छोट्या रायफलींचे क्लब निघाले. असल्या रायफलींना दिवस आले ते तेव्हा.

दादांनी ती 1964 साली एका निवृत्त साहेबाकडून घेतली, तीही आतून देवीचे व्रण असल्यासारखी. त्यात त्या साहेबाचाही फारसा दोष नसावा. जुन्या काडतुसांच्या पेटत्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचा क्षार नळीत राही आणि मिठासारखी हवेतली ओल ओढून घेई. न गंजवणारी काडतुसे विसाच्या दशकात येऊ लागली, तोवर कित्येक नळ्यांचे वाटोळे झाले होते. त्यात आमचे कोल्हापूर! श्रावणात इथे माणसालाही बुरशी येते.

दादा 2020 साली गेले. परवाना माझ्या नावावर होईपर्यंत बावीस दुसऱ्याच्या ताब्यात जमा होती. चौदा महिन्यांनी परत आली ती तांबूस होऊन. चिरंजीव पुण्याहून म्हणाले, "बाबा, कायमची जमा करून टाका. कोण वापरतंय?" व्यवहाराने त्याचे खरे होते. माझ्या मनानेही अर्धा कौल दिला होता.

तरी एकदा परवानेवाल्या मिस्त्रींकडे नेली. ऐंशीच्या घरातला माणूस. दुकानात आता काम थोडे आणि धूळ फार. त्यांनी नळी उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "मास्तर, ही मेलेली न्हाई. झोपलीया."

मिस्त्रींचे काम पाहत बसणे हे मला एखाद्या गवयाची बैठक ऐकण्यासारखे वाटले. गंजलेल्या स्क्रूंशी त्यांनी मुळीच भांडण केले नाही. दोन दिवस रॉकेलचे थेंब पाजले आणि मग पेचकस असा फिरवला की जणू स्क्रूलाच बाहेर यायची इच्छा होती. पॉलिश कागदाला त्यांनी हात लावला नाही, कारण त्याने गंजाबरोबर लोखंडावरचा निळसर मुलामाही निघून जातो. तेल आणि तारेचा बारीक लोकर-गोळा, एवढ्यावर भागवले. नळीचे तोंड कोणीतरी पुढून सळई घालघालून झिजवले होते. ते त्यांनी पुन्हा साफ, गोल करून दिले. गोळी शेवटचा स्पर्श त्या कडेला करते. ती कड एका बाजूला झिजली, की नेम कितीही धरा, गोळी भलतीकडे जाते.

अक्रोडाच्या दस्त्याला जवसाचे तेल तळहाताने चोळता चोळता ते थांबले. "ह्यो दीड इंच कापलाय. मालक तर उंच हुतं."

कापलेला तुकडा दादांच्या पेटीत फडक्यात गुंडाळलेला सापडला, स्क्रूंसह. मिस्त्री तो जोडून द्यायला तयार होते. मी तुकडा घेऊन घरी आलो. आई करंज्यांना मुरड घालत होती.

"त्याला हात लावू नकोस," ती म्हणाली. "ह्यांनी माझ्यासाठी कापला होता."

मग पुढची करंजी हातात घेऊन तिने सांगितले ते इतकेच, की 1965 आणि 66 चे दोन हिवाळे ती नऊवारी नेसून दर रविवारी दादांबरोबर रेंजवर जात असे, आणि तिच्या गोळ्या दादांपेक्षा जवळजवळ पडत.

"मग सोडलंस का? कोणी अडवलं?"

"कोण अडवणार? तू झालास."

माझ्या अठ्ठावन्न वर्षांत हे मला कोणी सांगितले नव्हते. दादांच्या नेमाच्या गोष्टी मात्र आम्ही भावंडांनी शेकडो वेळा ऐकल्या होत्या. आणि तो तुकडा दादांनी परत जोडला नव्हता. पुढली पन्नास वर्षे ते खांदा आखडून आखूड दस्त्यानेच नेम धरत राहिले.

2024 च्या ऑगस्टमध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून इथली पोरे रेंजवर गर्दी करतात. आमच्या धाकट्या भावाची तेरा वर्षांची मुलगी त्यांतलीच. त्याच्या रायफलीची किंमत ऐकून माझ्या पेन्शनला हसू आले, पण बोअर तोच, बावीसचा! दहा गुणांचे वर्तुळही साऱ्यांना तेच: साडेदहा मिलिमीटरही नाही, सदऱ्याच्या गुंडीएवढे.

धनत्रयोदशीच्या आदल्या रविवारी बावीस रेंजवर नेली. आई हट्टाने आली, मागे खुर्ची टाकून बसली. आधी मी पाच गोळ्या झाडल्या. नुकती साफ केलेली नळी पहिल्या काही गोळ्यांना बावरते, हे ठाऊक होते. पुढच्या पाच मात्र एका रुपयाखाली झाकतील अशा पडल्या. या काडतुसाची गोळी आवाजाच्या वेगापलीकडे जात नाही, म्हणून कानठळ्या नाहीत, नुसते 'टप्'.

"तुझी मान आखडतेय," मागून आई म्हणाली. "तुझ्या मापाची नव्हेच ती. पोरीला दे."

प्रशिक्षकांनी पुतणीला वाळूच्या पिशवीमागे पालथे झोपवले. दस्ता तिच्या खांद्यात असा बसला की सुताराला बोलवायला नको.

"काका, चाप किती हलका आहे हो!"

"बोलू नकोस," आई म्हणाली. "अर्धा श्वास सोड आणि थांब."

आणि तिने खुर्ची जराशी पुढे ओढून घेतली.