सेवापुस्तकातली नोंद

“प्रपत्रात दफ्तरी या पदाचा रकानाच नव्हता, रावसाहेब,” हे आस्थापना शाखेतील एका सज्जन कारकुनाने मला अगदी शांतपणे सांगितलेले वाक्य अद्यापही माझ्या मनातून जात नाही. सांगणाऱ्याचा त्यात काही अपराध नव्हता. छापील नमुना वरून आलेला होता, त्यातील रकाने त्याने इमानेइतबारे भरले होते, आणि जो मनुष्य कोणत्याच रकान्यात बसत नव्हता तो आपोआप वगळला गेला होता. परंतु ज्याच्यावाचून ते काम उभेच राहिले नसते नेमका तोच वगळला जावा, आणि याचे वैषम्य त्या भरल्या सभागृहात कोणालाही वाटू नये, हे मला तेव्हा सहन झाले नाही व आजही होत नाही.

त्या काळी मी एका जिल्ह्याच्या कचेरीत नायब तहसीलदार होतो आणि अभिलेख कक्ष माझ्या ताब्यात होता. 2023 च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, पुढे तिचे कार्यक्षेत्र मराठवाड्यापुरते न राहता राज्यभर विस्तारले, आणि 1967 पूर्वीच्या कागदपत्रांतील कुणबी नोंदी शोधण्याचे हुकूम जिल्ह्याजिल्ह्यांतून सुटले, हे सर्वांना विदित आहे. जन्ममृत्यूचा गाव नमुना 14, ज्याला आमच्या खात्यात कोतवाल बुक म्हणतात, खासरा पत्रके, पाहणी पत्रके, हक्कनोंदी, जे जे म्हणून जुने होते ते सारे उघडायचे होते, आणि त्यातले पुष्कळसे मोडीत होते. मोडी वाचणारे जाणकार बाहेरून बोलावले गेले, स्कॅनर आले, संगणकावर बसणारी तरुण मुले आली. पण कोणत्या गावचे दफ्तर कोणत्या मांडणीवर, कोणत्या रुमालात आहे, हे सांगणारा मनुष्य कचेरीत एकच होता, आणि ते म्हणजे आमचे दफ्तरी, ज्यांना लहानथोर सारेच मामा म्हणत.

मामांना मोडी वाचता येत नसे. परंतु तालुक्यांच्या हद्दी किती वेळा बदलल्या, कोणती गावे एका तालुक्यातून निघून दुसऱ्यात गेली आणि त्यांची दफ्तरे मात्र जुन्याच तालुक्याच्या मांडणीवर कशी राहून गेली, हे त्यांना मुखोद्गत होते. सूचीत जे गाव कोठेच सापडत नसे ते मामा क्षणभर थांबून, शिडी सरकवून, वरच्या खणातून काढून देत. रुमाल सोडण्याची त्यांची रीत मी कितीदा तरी उभा राहून पाहिली आहे. लाल फडक्याची गाठ ते कधी ओढून सोडीत नसत, बोटांनी उकलीत. वरची फळी बाजूला ठेवून कडुनिंबाची वाळलेली पाने हलकेच झाडून टाकीत, आणि ठिसूळ झालेले पान हाताने न उचलता त्याच्याखाली जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा सरकवून ते पुठ्ठ्यासकट वाचणाऱ्यापुढे ठेवीत. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. एका मोडी जाणकाराने घाईघाईने एक वही उलटली तेव्हा त्यांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, “दादा, हे फाटलं तर त्या माणसाच्या नातवानं कुठं जायचं?” त्या शोधकार्यात कचेरीतून मी ऐकलेले सर्वांत समंजस वाक्य मी हेच समजतो.

दिवाळी आली आणि गेली. सुट्टीच्या दिवशीही कक्ष उघडा असे. मामांचा खोकला वाढला होता व तोंडाला उपरणे बांधून ते काम करीत. त्यांनी एकदाच माझ्याकडे मागणी केली, तीही नवीन शिडीची.

नंतर 2024 चा ऑगस्ट उजाडला. महसुली वर्ष 1 ऑगस्टपासून सुरू होते आणि तोच दिवस आपल्या राज्यात महसूल दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी उत्कृष्ट काम करणाऱ्या अधिकाऱ्यांचा व कर्मचाऱ्यांचा गौरव होतो, आणि त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात शोधकार्यातील विशेष योगदानासाठी स्वतंत्र प्रशस्तिपत्रे द्यावयाची होती. त्या प्रपत्रात तहसीलदार होते, नायब तहसीलदार होते, अव्वल कारकून, महसूल सहायक, संगणकचालक, मोडी जाणकार, सारे होते. माझेही नाव होते. दफ्तरी नव्हता.

आणि तरीही मामा त्या दिवशी व्यासपीठावर होते, हे मला विस्तारानेच सांगितले पाहिजे. धुतलेला गणवेश घालून, पुष्पगुच्छांचे व प्रशस्तिपत्रांचे तबक दोन्ही हातांनी धरून, ते प्रमुख पाहुण्यांच्या डाव्या बाजूस उभे होते. नाव पुकारले जाई, माणूस वर येई, मामा तबक पुढे करीत, पाहुणे त्यातील कागद उचलून त्याच्या हाती देत, टाळ्या पडत, छायाचित्र निघे, आणि मामा पुन्हा एक पाऊल मागे सरकत, कारण छायाचित्रकाराने त्यांना तसे बजावले होते. ज्यांना स्वतःच्या तालुक्याची दफ्तरे कोठे ठेवली आहेत हे ठाऊक नव्हते, अशांचीही नावे त्यात येऊन गेली. माझे नाव पुकारले गेले तेव्हा मी तबकाजवळ थांबलो आणि पाहुण्यांना म्हणालो, “साहेब, हे काम यांचे आहे.” पाहुणे स्मितहास्य करून म्हणाले, “हो हो, सर्वांचेच आहे,” आणि निवेदकाने पुढचे नाव पुकारले. सर्वांचेच आहे, हे म्हणणे किती सोयीचे असते! ज्या स्तुतीत कोणी काय केले याचा उच्चार होत नाही ती स्तुती कोणाचीच नसते, आणि आमच्या कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे वाटली जाते ती बहुतांशी असली स्तुती होय.

दुसऱ्या दिवशी मी टिपणी सादर केली. मामांनी केलेल्या कामाचा तपशील देऊन त्याची नोंद त्यांच्या सेवापुस्तकात घेण्याची तजवीज व्हावी, अशी मी विनंती केली. माझे तेव्हाचे मत असे होते की शाल, श्रीफळ आणि भाषण ही वाऱ्यावर जाणारी वस्तू आहे. सरकारी नोकराच्या आयुष्यात जे कागदावर येते तेच खरे. शिक्षेची नोंद जर सेवापुस्तकात तत्परतेने होते, तर गुणाची का होऊ नये? टिपणी परत आली ती “कोणत्या नियमान्वये?” असा शेरा घेऊन. मी नियम शोधून उत्तर दिले, मग संवर्गाबद्दल विचारणा झाली, मग सक्षम प्राधिकारी कोण याबद्दल.

या प्रवासात मला मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास वारंवार आठवे. पहिल्या महायुद्धाच्या काळात भरभराटीत असलेल्या मालकांनी कामगारांना खुशीने बोनस दिला, पुढे तो बंद करण्याचे ठरवले, आणि 1924 साली त्यावरून मोठा संप झाला. सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने कामगारांचा त्यावर कायदेशीर हक्क नाही असा निर्वाळा दिला. तेच बोनसचे तत्त्व 1965 च्या कायद्याने हक्क म्हणून मान्य झाले आणि आज त्याची किमान मर्यादा 8.33 टक्के आहे. बक्षिसाचा हक्क होण्यास चार दशके लागली. कौतुकाचेही असेच झाले पाहिजे, ते धन्याच्या मर्जीवर राहता कामा नये, असे मी जो भेटेल त्याला ऐकवीत असे. अधिकाऱ्यांना माझे अजूनही सांगणे आहे: हाताखालच्या माणसाला चांगले म्हणायचे असेल तर त्याने काय केले ते त्याच आठवड्यात नाव घेऊन लिहा, समारंभाची वाट पाहू नका.

परंतु एक दिवस मी हे सारे मामांना ऐकवले, तेव्हा ते बराच वेळ ऐकून म्हणाले, “रावसाहेब, नोंद होईल तेव्हा होईल. घरच्यांना एकदा आत आणू का? एवढी वर्षं झाली, मी कुठं काम करतो ते त्यांनी पाहिलं नाही.” अभिलेख कक्षात त्रयस्थास प्रवेश नसतो. मी निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घेतली, आणि एका शनिवारी मामांची पत्नी, सून आणि नातू आले. मामी दारातच थबकल्या. मग म्हणाल्या, “हाच वास. कपड्यांना यायचा तो.” मामांनी नातवाला उचलून वरचा खण दाखवला, एक रुमाल सोडला, पुठ्ठा सरकवून पान काढले, आणि ते कोणत्या गावचे, किती जुने, हे तिघांना सांगितले. त्या वेळी त्यांच्या बोलण्यात जो अधिकार होता तो मी त्यांच्या तोंडी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

त्या दिवसापासून माझे कागदावरचे मत डळमळले आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि मी टिपणीचा पाठपुरावा सोडला नाही. मामा 60 वर्षे पूर्ण करून निवृत्त झाले त्या महिन्यात नोंद झाली, दोन ओळींची, आणि तीत “शोधकार्यात सहकार्य केले” एवढेच होते. पुठ्ठ्याचा उल्लेख गाळला होता, फाटू न दिलेल्या वह्यांचाही.

त्यांच्या जागी आता पुरवठादार संस्थेमार्फत आलेला एक तरुण आहे. चांगला मुलगा आहे. मामांनी निवृत्तीनंतरही येऊन त्याला मांडण्या दाखवल्या, गाठ कशी उकलावी ते शिकवले, आणि तो ते मन लावून करतो. गेल्या पावसाळ्यात छत गळू लागले तेव्हा त्याने रात्री थांबून दोन मांडण्या एकट्याने हलवल्या. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, तरी माझ्या जागी आलेल्या अधिकाऱ्याला भेटून म्हटले की याची नोंद घ्या. त्यांची इच्छा होती. पण त्या मुलाला सेवापुस्तकच नाही. त्याची हजेरी संस्थेच्या मस्टरवर, त्याचा पगार संस्थेच्या बिलात, आणि करार संपला की त्याचे नाव कचेरीच्या कोणत्याही कागदावर उरणार नाही. अधिकाऱ्यांनी संस्थेला पत्र लिहिले आहे. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.