क्रमांकातील साल आणि मोटारीचे वय

ब्रिटनमध्ये मोटारीला मिळालेला नोंदणी क्रमांक तिच्यापासून वेगळा काढता येतो, दुसऱ्या मोटारीला लावता येतो आणि विकताही येतो. मात्र कायद्याने क्रमांकाची मालकी कोणालाही मिळत नाही, मिळतो तो केवळ पाटीवर लावण्याचा हक्क. स्वान्सी येथील डीव्हीएलए, म्हणजे चालक व वाहन परवान्यांचे काम पाहणारी सरकारी संस्था, १९८९ पासून हा हक्क स्वतः विकत आली असून खाजगी विक्रेत्यांचाही मोठा व्यापार त्याभोवती उभा आहे. आवडीचा क्रमांक शोधताना नव्या मोटारीच्या मालकाला साल सहसा आडवे येत नाही. जुन्या मोटारीला मात्र एक अट जाचते: क्रमांकामुळे मोटार आहे त्याहून नवी भासता कामा नये, जुनी भासली तरी हरकत नसते.

ही अट समजण्यासाठी क्रमांकात साल कसे नोंदले जाते हे पाहावे लागते. १९६३ पासून क्रमांकाच्या शेवटी वर्षदर्शक अक्षर येऊ लागले. त्या वर्षासाठी ए, पुढच्यासाठी बी, असा क्रम चालला, १९६७ पासून हे अक्षर दर ऑगस्टला बदलू लागले आणि १९८३ मध्ये वाय अक्षरापाशी ही मालिका संपली. त्यानंतर अक्षर शेवटून सुरुवातीला आले, आणि सप्टेंबर २००१ पासून आजची रचना लागू झाली, जिच्यात पहिली दोन अक्षरे प्रदेश सांगतात, पुढचे दोन अंक सहामाही आणि शेवटची तीन अक्षरे केवळ वेगळेपणासाठी असतात. १९६३ पूर्वीच्या बहुतेक क्रमांकांत सालाची खूणच नसते, म्हणून ते कोणत्याही वयाच्या मोटारीला चालतात.

प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाकडील मोटार ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झालेली एमजीबी जीटी असून १९७२ च्या ऑक्टोबरात लेस्टरमध्ये तिची नोंदणी झाली, त्यामुळे तिच्या क्रमांकाच्या शेवटी एल हे अक्षर होते. तिला आद्याक्षरांचा क्रमांक घ्यायचे ठरले तेव्हा २००१ नंतरचे आणि १९८३ नंतरचे सारे क्रमांक नियमानेच बाद झाले आणि उरले ते ए ते एल या अक्षरांनी संपणारे किंवा सालाची खूण नसलेले. शेवटी वर्षाचे अक्षर असलेल्या मालिकेत आधी तीन अक्षरे असतात, आणि स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव अशा मराठी रीतीने लिहिलेल्या नावाला ही रचना जितकी नेमकी बसते तितकी ब्रिटनमधील दुसरी कोणतीही बसत नाही. लेखकाच्या नावाची डी-व्ही-के ही तीन अक्षरे कोणताही आकडा न मोडता, कोणतीही फट न सरकवता जशीच्या तशी पाटीवर येऊ शकत होती.

तरीही निर्णय सोपा नव्हता, कारण त्या तीन अक्षरांपैकी शेवटची दोन मुळात निरर्थक नसतात. ती नोंदणी कार्यालयाची खूण असतात. बी-सी म्हणजे लेस्टर, व्ही-के म्हणजे न्यूकॅसल. आद्याक्षरांचा क्रमांक लावला की लेस्टरची मोटार जाणकाराच्या नजरेला न्यूकॅसलची वाटणार होती, आणि जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत पाट्या वाचून मोटारीचे मूळ गाव सांगणारी माणसे पुष्कळ भेटतात. घरात मुलीने उत्तर आयर्लंडचा क्रमांक सुचवला होता. तिथल्या क्रमांकांत आय किंवा झेड हे अक्षर असते, साल नसते, आणि अक्षरांना फारसा अर्थ लागत नसल्याने त्यांतले बरेचसे स्वस्तात मिळतात. नव्या मोटारीचे वय झाकण्यासाठी लोक त्यांचा सर्रास उपयोग करतात. परंतु पन्नाशी उलटलेल्या मोटारीचे वय झाकण्यात काहीच अर्थ नाही, उलट ते वय हेच तिचे मोल आहे, असे लेखकाचे ठाम मत होते आणि आजही आहे. २०१४ मध्ये पंचवीस हा आकडा आणि ओ हे अक्षर एवढाच क्रमांक पाच लाख पौंडांहून अधिक किमतीला विकला गेला, कारण तो फेरारीच्या २५० मालिकेतील मोटारींना शोभणारा होता. तिथेसुद्धा क्रमांक मोटारीसाठी शोधला गेला होता. अखेर एल अक्षराचाच क्रमांक घ्यायचे ठरले, म्हणजे गाव बदलले तरी साल खरे राहील.

महाराष्ट्रातही क्रमांकाची हौस जुनी आहे. चार-एक-चार-एक हे इंग्रजी अंक वळण देऊन रंगवले की ‘दादा’ वाचता येते, आणि अशा पाट्या रस्तोरस्ती दिसत. ब्रिटनमध्ये अक्षरांचे वळण किंवा अंतर बदलल्यास एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. भारतात पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी २०२१ मध्ये व्हीए अक्षरांची वेगळी मालिका आली, आणि ज्यांची नोंदणी आधीच झालेली आहे त्यांना मूळ क्रमांक ठेवण्याची मुभा त्याच नियमांत दिली गेली. ही मुभा लेखकाला त्या नियमांतील सर्वांत समंजस गोष्ट वाटते, कारण जुन्या सेवापुस्तिका, पावत्या आणि छायाचित्रे मोटारीशी जोडणारा सर्वांत सोपा दुवा मूळ क्रमांकच असतो.

म्हणूनच नवा क्रमांक लावण्यापूर्वी जुना राखून ठेवण्याचा अर्ज केला गेला. त्यासाठी ८० पौंड शुल्क पडते आणि मिळणारे प्रमाणपत्र दहा वर्षे चालते. त्यानंतर नव्या क्रमांकाची नोंद होऊन लॉगबुक, म्हणजे वाहनाचे नोंदणीपत्र, बदलून आले, विमा कंपनीला कळवले गेले आणि नोंदणीकृत दुकानदाराला कागदपत्रे दाखवून पाट्या करून घेतल्या गेल्या. १९८० पूर्वी बनलेल्या आणि ऐतिहासिक वाहन या करवर्गात नोंदलेल्या मोटारींना काळ्या पाटीवर चंदेरी अक्षरे चालतात. परावर्तक पाट्या १९७३ च्या जानेवारीपासून सक्तीच्या झाल्या, आणि ही मोटार त्याच्या काही आठवडे आधीची असल्याने काळी पाटी तिला कालदृष्ट्याही शोभते. जुन्या क्रमांकाचे प्रमाणपत्र मोटारीच्याच फायलीत ठेवले असून, ती कधी विकावी लागली तर आद्याक्षरांचा क्रमांक काढून लेस्टरचा क्रमांक तिला परत लावावा आणि मगच ती नव्या मालकाकडे द्यावी, असे घरात ठरले आहे.