सराईतली जडीबुटीवाली

मड या अनेकांनी मिळून खेळायच्या ऑनलाइन खेळात चित्रं नसतात. खोलीचं वर्णन येतं, बाहेर पडायच्या दिशा येतात, बाकी सगळं टाइप करायचं. 1978 मध्ये एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने हा प्रकार सुरू केला, रिचर्ड बार्टलने पुढे नेला. सोबती पारखायचा तोही त्याच्या ओळींवरूनच.

आज खेळातल्या सराईत एक जडीबुटीवाली भेटली. माझं पात्र लंगडतं, हे वर्णनात अगदी शेवटी आहे. तिने ते वाचलं होतं. काही न बोलता स्टूल पुढे सरकवलं आणि थांबली. हे थांबणं फार थोड्यांना जमतं. काही जण आपल्या 'इमोट'मध्ये, म्हणजे पात्राची कृती सांगणाऱ्या ओळीत, माझ्याच पात्राला घाबरवून, रडवून मोकळे होतात. मग मी हवा कशाला? आणि पानभर अलंकारिक लिहिणारे? खरं सांगायचं तर त्यांचा कंटाळाच येतो.

बार्टलने खेळाडूंचे चार प्रकार केले: मिळवणारे, धुंडाळणारे, गप्पिष्ट, मारेकरी. चांगला जोडीदार यातल्या कुठल्याही खणात सापडू शकतो. या जडीबुटीवालीला हरायचं वावडं नव्हतं. पैज लावली, हरली, चिडून औषधाचे पैसे दुप्पट केले. उद्या त्या पैशांवरून भांडायचंय.