उजवीकडचा रकाना

स्पॅनिशची जमवलेली पुस्तकं आता टेबलावरून खिडकीच्या कट्ट्यावर सरकली आहेत. काही नवी मागवलेली, काही रद्दीच्या ढिगातून निवडलेली, एकदोन कुणीकुणी शिकणं सोडताना देऊन टाकलेली. जुन्या बाजारात अशा पुस्तकांचा पहिला भाग हवा तेवढा मिळतो, दुसरा भाग मात्र बहुधा नवाच घ्यावा लागतो. पहिल्या वीस-पंचवीस पानांत पेन्सिलीची नुसती गर्दी, आणि मग एकदम करकरीत कोरी पानं. आधीचा वाचक कोणत्या धड्याला थकला, ते तारीख न लिहिताही कळतं.

यातली बहुतेक पुस्तकं इंग्रजीतून शिकवणारी. लिहिताना लेखकांच्या समोर एकच विद्यार्थी बसलेला होता, जन्मापासून इंग्रजी बोलणारा. त्याला जिथे ठेच लागते तिथे पुस्तक थांबतं, समजावतं, चौकटीत सूचना देतं. मी मागच्या बाकावर बसून दुसऱ्याची शिकवणी ऐकावी तशी ती वाचते.

'मे गुस्ता एल काफे' हे वाक्य घ्या. इंग्रजी पुस्तकं त्यासाठी अख्खा धडा खर्च करतात. कॉफी हा कर्ता, क्रियापद तिच्या वचनाप्रमाणे चालणार, आणि ज्याला ती आवडते तो माणूस वाक्यात बाजूला उभा. सोबत बाण काढलेली आकृती. इंग्रजीतून वाचताना मलाही हे प्रकरण गहन वाटलं होतं. मग मनातल्या मनात 'मला कॉफी आवडते' म्हटलं आणि धडाच उरला नाही. 'मे गुस्तान लोस लिब्रोस', मला पुस्तकं आवडतात. आवडते, आवडतात. आकृती कशाला हवी?

पुढे गेल्यावर पुन्हा तेच. 'बेओ ला कासा' म्हणजे मी घर बघते, आणि 'बेओ आ मारिया' म्हणजे मी मारियाला बघते. माणूस आला की मध्ये 'आ' घालायचा, या नियमाला पुस्तकांनी स्वतंत्र नाव दिलंय आणि खाली पंचवीस वाक्यांचा सराव. आपण घर बघतो आणि मारियाला बघतो, यात चमत्कारिक काय आहे ते आपल्याला कुणी विचारलं तरी सांगता येणार नाही. आणि तो कुप्रसिद्ध प्रकार, इच्छा-शंका-आशेची क्रियापदं, जो सगळी पुस्तकं धोक्याची पाटी लावून पहिल्या भागाच्या बाहेर ठेवतात. 'क्येरो के बेंगास', तू यावंस असं मला वाटतं. 'बेंगास' आणि 'यावंस' एकमेकांसमोर ठेवले की भीती निम्मी उतरते. निम्मीच. 'तू येशील तेव्हा' म्हणतानाही स्पॅनिशला तेच 'बेंगास' लागतं आणि तिथे आपलं 'यावंस' कामाला येत नाही.

असं दुसऱ्याच्या चष्म्यातून भाषा बघणं आपल्याला नवं नाही म्हणा. मराठीचं एक आरंभीचं छापील व्याकरण विल्यम कॅरीनं बंगालमधल्या श्रीरामपूरला 1805 साली काढलं ते इंग्रजीत, मोल्सवर्थचा 1831चा कोशही मराठी शिकणाऱ्या साहेबासाठीच. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीतून व्याकरण लिहिलं, तेव्हा त्यांच्याही हाताशी साचा होता तो इंग्रजी व्याकरणाचा. मी तर काय, वही घेऊन बसलेली एक नवशिकी.

वहीत दोन रकाने केले. डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे मराठी, इंग्रजीला पानावर जागा नाही. इंग्रजीला हाकलून दिलं असं मात्र नाही. शब्दांसाठी तिच्याइतका उदार सावकार दुसरा कुणी नाही. मार्गारिटा माद्रिगाल यांचं 1950च्या दशकातलं एक जुनं पुस्तक आहे, त्यातली चित्रं पुढे जगप्रसिद्ध झालेल्या अँडी वॉरहॉलची. पुस्तकाची युक्ती साधी : इंग्रजीतले 'शन'नं संपणारे शब्द स्पॅनिशमध्ये 'स्योन' करून घ्या आणि पहिल्याच दिवशी शेकडो शब्दांचे धनी व्हा. नासियोन, इन्बितासियोन. ही लूट मी बिनदिक्कत केली. शब्द इंग्रजीकडून, वाक्याची चाल मराठीकडून, अशी माझी वाटणी ठरली. (बटाटा, पगार, चावी हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द दाखवून 'स्पॅनिश आपल्याला अर्धी येतेच' म्हणणारेही भेटतात. गंमत म्हणून ठीक आहे.)

उच्चारांत देवनागरीनं आधी फार लाड केले. तोंडासमोर कागद धरा, 'प' आणि 'क' म्हणताना तो हलता कामा नये, असं पुस्तक इंग्रजांना सांगतं. आपल्याला प वेगळा, फ वेगळा. त आणि द तर दातांवर घरच्यासारखे. एनवर लाट काढलेल्या अक्षराला आपला 'ञ' बरीच वर्षं रिकामाच बसला होता. पण 'मी बोलते' ते आब्लो आणि 'ती बोलली' तेही आब्लो! एकात जोर आरंभाला, दुसऱ्यात शेवटाला. स्पॅनिश त्या शेवटच्या स्वरावर छोटीशी तिरकी रेघ देते, देवनागरीकडे तशी खूणच नाही, कारण मराठीला जोर बदलून अर्थ बदलायची गरज पडत नाही. मी लाल शाईनं अक्षर अधोरेखित करू लागले, पण शाई ऐकू येत नाही. इथे कागदाचं काम संपतं आणि कानाचं सुरू होतं. ध्वनिफीत सोबत नसलेलं पुस्तक नवशिक्यानं घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे.

कानासाठी मला 'देस्तिनोस' सापडली. 1992ची अमेरिकी शैक्षणिक मालिका, 52 भागांची. मेक्सिकोतल्या एका म्हाताऱ्या जमीनदाराला पत्र येतं. स्पेनच्या यादवीत, गेर्निकावरच्या बाँबहल्ल्यात मेली असं समजलेली त्याची पहिली बायको कदाचित वाचली होती. रॅकेल नावाची वकीलबाई शोधाला निघते, सेव्हिल, ब्वेनोस आयरेस, प्वेर्तो रिको. नंतरच्या भागाची उत्कंठा काय असते ते मराठी घरात सांगायला नको. प्रत्येक भागाच्या शेवटी रॅकेल झालेली गोष्ट हळूहळू, सोप्या शब्दांत पुन्हा सांगते, आणि ते संथ बोलणं समजलं की उगाच शहाणं वाटतं. देश बदलला की बोलीही बदलते. स्पेनमधले मित्रांच्या घोळक्याला 'बोसोत्रोस' म्हणतात, अमेरिका खंडात तो शब्द बोलण्यात नाहीच, आणि अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'बोस'. स्पेनचं पुस्तक घ्यावं की मेक्सिकोचं, यावर मी पुष्कळ डोकं शिणवलं होतं. रॅकेल सगळ्यांशी बोलते, तिचं कुठे अडतं?

मागच्या महिन्यात बार्सिलोनाला छापलेलं 'आउला इंटरनॅसिओनाल' घेतलं. पहिल्या पानापासून सगळं स्पॅनिशमध्येच. या पुस्तकासमोर लंडनचा, टोकियोचा आणि सांगलीचा विद्यार्थी सारखाच अडाणी, म्हणून ते मला सगळ्यांत न्यायी वाटतं.

पण 'सेर' आणि 'एस्तार' आले आणि मराठी हात वर करून मोकळी झाली. दोन्हींना आपल्याकडे एकच, 'आहे'. कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार, असा नियम जवळजवळ सगळीकडे छापलेला असतो. मग मेलेला माणूस? 'एस्ता मुएर्तो', तिथे एस्तार! मरणाहून कायमचं काय असतं, ते या नियमकर्त्यांनी सांगावं. माझ्या घरी पुस्तक असेल तर एस्तार, माझ्या घरी मेजवानी असेल तर सेर, कारण पुस्तक ठेवलेलं असतं आणि मेजवानी घडते. माणूस कंटाळवाणा असेल तर सेर, कंटाळलेला असेल तर एस्तार. ही उदाहरणं मी डावीकडे नुसती लिहीत जाते, ऐकलेली, वाचलेली, रॅकेलच्या तोंडची. उजवीकडचा रकाना त्या पानांवर मी आता आखत नाही.