मुलुंडचं कासव बोरिवलीला जातं

मुलुंड पश्चिमेला योगी हिल्सच्या बाजूला कधी गेलात, तर इमारतींच्या मागं हिरवागार डोंगर दिसेल. तेच बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. नाव घेतो आपण बोरिवलीचं, पण त्याची पाठ टेकलीय मुलुंडला! शंभर चौरस किलोमीटरांहून मोठं जंगल. त्यामुळे इकडे माकडं येतात, साप निघतात, कधी बिबट्याही दिसतो. म्हणून एका जुलैत आमच्या सोसायटीच्या गटाराजवळ वीतभर लांबीचं कासव सापडलं, तेव्हा सगळ्यांनी ठरवूनच टाकलं : डोंगरातून वाहत आलं असणार.

मुलांनी त्याला बादलीत ठेवलं. कासव म्हटलं की पाणी हवंच, नाही का? तळाशी चार बोटं पाणी, आणि खायला पाव, दूध, माशांचे दाणे. कासव कशालाही तोंड लावेना. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी शेजारचा सातवीतला मुलगा रडवेला होऊन माझ्याकडे आला. "काका, ते मरणार का हो?"

मी बादलीत डोकावलो आणि पोटात गोळाच आला. ते बिचारं भिंतीला पाय टेकून, मान ताणून उभं होतं. पाणी आणखी थोडं जास्त असतं, तर बुडालंच असतं.

कासव बुडतं? हो, हे कासव बुडतं. त्याचे पाय पाहा. हत्तीच्या पायांसारखे, खांबासारखे जाड. बोटांमध्ये पडदे नाहीत. पोहायचं कशानं? पाठ उंच, घुमटासारखी, आणि काळपट कवचावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. हे जमिनीवरचं चांदणी कासव. पेपरात त्याला 'स्टार कासव' म्हणतात. पाण्यातल्या कासवाची पाठ चपटी असते आणि पायांना पडदे असतात. दुकानांत मिळणारं, डोळ्यांमागं लाल पट्टा असलेलं हिरवं पिल्लू तर अमेरिकेतलं. तेही पाण्यातलंच.

आणि चांदणी कासव आपल्या डोंगरातलं नव्हेच! त्याचा मुलूख कोरडा, काटेरी झुडपांचा : गुजरात-राजस्थानाकडे, नाहीतर खाली आंध्र, कर्नाटक, तामिळनाडूत. मग मुलुंडला आलं कसं? कुणीतरी विकत आणलं असणार. देवळाच्या सभामंडपात दगडी कासव असतं ना, तसं जिवंत कासव घरात ठेवलं की पैसा येतो, अशी काहींची समजूत. पैसा आला की नाही ठाऊक नाही. कासव मात्र गटारात आलं.

भूक का गेली, तेही आता कळेल. आपण थंडीतही गरम असतो. कासवाला ऊब बाहेरून घ्यावी लागते. अंग थंड पडलं की पोटातलं पचन मंदावतं, मग खाणार कसं? त्यात पुढ्यात दूध-पाव. हे तर गवत-पाला खाणारं जनावर!

मी वनखात्याच्या 1926 या नंबरावर फोन लावला. असं कासव घरात पाळणं गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्यात 2022 साली बदल झाला, तेव्हापासून ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत आहे. पण सापडलेलं कासव कळवणाऱ्यानं घाबरायचं कारण नाही. माणूस येईपर्यंत त्याला कोरड्या खोक्यात, उबदार जागी ठेवायचं, एवढंच.

दुपारी एक स्वयंसेविका ताई आल्या. त्यांनी पसरट परातीत कोमट पाणी घेतलं, कासवाच्या हनुवटीच्या खालीच राहील इतकं, आणि त्यात त्याला पंधरा मिनिटं ठेवलं. कासवानं मान घातली आणि घटाघट पाणी प्यायलं! मुलं टाळ्या पिटणार होती, ताईंनी डोळे वटारले. मग दूर्वा आणि जास्वंदीचं फूल पुढं ठेवलं. फुलाचा वास घेतला, खाल्लं मात्र नाही. "तोंड उघडून भरवायचं नाही हं," ताई म्हणाल्या. "नाकातून बुडबुडे येत असले, डोळे खोल गेले असले, तर डॉक्टरच हवा." याचे डोळे खोल गेलेले होते.

तेव्हा निघालो बोरिवलीला, खोकं मांडीवर घेऊन, रिक्षानं. पक्ष्याला डोंगरावरून सरळ जाता येतं. आपल्याला मात्र भांडुप, कांजूरमार्ग, पवई करत जंगलाला अर्धी प्रदक्षिणा घालावी लागते. पवई तलाव आला तसे रिक्षावाले दादा म्हणाले, "इथंच सोडा की, पुण्य लागेल." 1891 साली बांधलेला तो तलाव पावसात काठोकाठ भरला होता. त्यात मगरी आहेत, पाण्यातली कासवंही आहेत. आमचं कासव तिथं सोडलं असतं, तर दगडासारखं तळाला गेलं असतं. उद्यानातही नुसतं सोडून चालत नाही. तिथला धो धो पाऊस त्याच्या अंगाचा नाही, आणि घरात राहून लागलेला एखादा रोग रानातल्या प्राण्यांना द्यायचा.

पुढं हायवेला लागलो. गोरेगाव, मालाड... आणि कांदिवलीच्या अलीकडे खोक्यातून असा काही वास सुटला, की दादांनी मागं वळून पाहिलं. ताई मात्र खूश! पोट हललं होतं. कोमट पाण्याचा गुण.

उद्यानातल्या डॉक्टरांनी कासवाचं वजन केलं, कवच दाबून पाहिलं. कवच टणक होतं. कोवळं ऊन मिळालं नाही, तर कवचाला लागणारा कॅल्शियम अंगी लागत नाही आणि ते मऊ पडतं. याला उन्हाच्या दिव्याखाली ठेवलं, शेजारी लपायला आडोसा केला. बरं झाल्यावर त्याला त्याच्या मुलखात पाठवता येतं का ते बघणार होते.

नोंदवहीत 'कुठे सापडलं' या रकान्यात त्यांनी 'मुलुंड' लिहिलं.

आठवड्यानं ताईंचा फोन आला. शेजारच्या मुलानं तो माझ्या हातातून ओढूनच घेतला. "खाल्लं?" त्यानं विचारलं. पलीकडून ताई म्हणाल्या, "दूर्वा खाल्ल्या. आणि जास्वंदीचं अख्खं फूल!"