मावशी-भाच्याची एलएलपी

माझ्या वडिलांची सांगलीत भागीदारीत अडत होती. भागीदार व्यापाऱ्यांची देणी ठेवून निघून गेला आणि ती सगळी बाबांच्या अंगावर आली. 1932च्या भागीदारी कायद्यात पेढीचं कर्ज प्रत्येक भागीदाराचं असतं. पेढीतून फिटलं नाही की घरादारावर येतं. आमचं राहतं घर त्यात गेलं. म्हणून भाच्याने तासगावात बेदाणा पॅकिंगचा विचार मांडला, "मावशी, भांडवल तू घाल, धंदा मी बघतो" म्हणाला, तेव्हा माझी एकच अट होती. साधी भागीदारी नको, एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी कर. 2008च्या एलएलपी कायद्यात धंद्याच्या देण्यांसाठी भागीदाराच्या घराला हात लागत नाही. लबाडी केली तर मात्र संरक्षण नाही, आणि ते योग्यच आहे.

नोंदणीचं काम ऑनलाइन झालं. डिजिटल सही, नाव, अर्ज. अडलं ते वीजबिलापाशी. शेड भाच्याच्या आजोबांच्या नावावर, त्यामुळे ताजं बिल आणि त्यांचं ना-हरकत पत्र हवं. आजोबांनी अर्जाचा कागद न् कागद वाचला, मगच सही केली.

खरं काम पुढे होतं. सीएंच्या कार्यालयातून करारनाम्याचा तयार नमुना आला, त्यात नफा समान. मी कायदा उघडला. भागीदारांनी वेगळं लिहिलं नाही तर पहिली अनुसूची लागू होते: नफा-तोटा सारखा आणि राबणाऱ्याला मेहनताना नाही. आमच्यात माझे सहा लाख, त्याचे दोन. पण सकाळपासून शेडवर उभा राहणार तो.

"तुझ्याशी पैशाचं कसं बोलू, मावशी?"

"आत्ताच बोल बाबा. नंतर बोलशील ते भांडण होईल."

संध्याकाळभर बसलो. त्याला दरमहा मेहनताना, उरलेल्या नफ्यात साठ-चाळीस. कुणाला बाहेर पडायचं झालं तर हिस्सा कसा मोजायचा, तेही लिहिलं. मी गेल्यावर माझे पैसे कुणाला, हे कलम तो घालूच देईना. मी घालायला लावलं. मग मुद्रांक शुल्क भरून सह्या केल्या आणि तीस दिवसांच्या मुदतीत करारनामा दाखल केला.

बँकेत गेलो तर कर्जासाठी दोघांची वैयक्तिक हमी मागितली. अशी हमी दिली की त्या कर्जापुरती एलएलपीची ढाल उरत नाही. आम्ही कर्ज घेतलं नाही. पहिल्या हंगामात हाती असलेल्या पैशात बसेल तेवढाच बेदाणा उचलला.

नात्यात धंदा काढणाऱ्यांनी तयार नमुन्यावर सही करू नये. आधी पहिली अनुसूची वाचा, मग समोरासमोर बसून आपला करारनामा आपण लिहा. आणि उलाढाल शून्य असली तरी दरवर्षी 30 मेपर्यंत वार्षिक विवरण आणि 30 ऑक्टोबरपर्यंत हिशेब भरावाच लागतो, नाहीतर उशीर वाढेल तसं विलंबशुल्क चढतं.